दुसरी ट्रॉली का उलटली? वाळवा तालुक्यातल्या एका वळणाचा हिशेब

कॅनॉलचा पूल उतरला की रस्ता लगेच डावीकडे वळतो. जानेवारीत, गाळप हंगाम ऐन भरात असताना, पहाटेच्या वेळी उसाने भरलेली एक डबल ट्रॉली तिथून कारखान्याकडे निघाली होती. ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली वळली, दुसरी मात्र उजवीकडे आडवी झाली. समोरून एक शेतकरी डेअरीला दूध घालायला मोटरसायकलवरून येत होता. उसाच्या मोळ्या त्याच्या अंगावर आल्या. वस्तीवरच्या माणसांनी हातांनी ऊस उपसून त्याला बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं, पण माणूस वाचला. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही आणि दिवसभर गावात त्याच्याविषयी जे बोललं गेलं, त्याचं मूळ बरंचसं या एका गोष्टीत होतं.

कागदावर कारण लिहिलं गेलं अतिवेगाचं. त्यात नवल नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातले बहुतांश मृत्यू अतिवेगाच्याच रकान्यात आहेत. अतिवेग जीव घेतो हे खरंच आहे. पण हा रकाना इतका सोयीचा आहे की एकदा तो भरला की पुढे कोणी काही विचारत नाही. रस्ता बघितला जात नाही, ट्रॉली मोजली जात नाही, ऊस कसा भरला होता हे तर कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहनांचं गतिशास्त्र शिकवतो. आमच्या घरचा ऊसही अशाच ट्रॉल्यांमधून जातो. हे प्रकरण अभ्यासाला घ्यायचं ठरलं ते डेअरीच्या दारावरच्या कॅमेऱ्यामुळे. त्या चित्रणात ट्रॅक्टर विजेच्या दोन खांबांच्या मधून जाताना स्पष्ट दिसतो. विद्यार्थ्यांनी खांबांमधलं अंतर टेपने मोजलं, चित्रणातल्या चौकटी मोजल्या आणि भागाकार केला. वेग निघाला ताशी २२ ते २३ किलोमीटर. शाळकरी पोर सायकलवरून जोरात सुटलं तर तेवढ्याच वेगाने जातं.

मग एवढ्या कमी वेगात ट्रॉली उलटते कशी? गावाचं आणि माणसांची नावं मी इथे देत नाही. जखमी शेतकरी आणि ड्रायव्हर दोघांनाही त्याच पट्ट्यात राहायचं आहे.

बत्तीसपासून एकवीसपर्यंत

वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला ढकलणारं बल लागतं, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक असतं. गाडी घसरणार की उलटणार, हे ठरतं दोन मापांवरून: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. जो आकडा येतो तो त्या गाडीची उलटण्याची सीमा. बाजूला ढकलणारं बल गाडीच्या वजनाच्या तेवढ्या पटीत गेलं की आतल्या बाजूची चाकं जमीन सोडतात. साध्या मोटारीचा हा आकडा एकच्या वर असतो. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर मोटार सहसा आधी घसरते, उलटत नाही. उसाच्या ट्रॉलीचं उलटं आहे. तिच्या टायरांना रस्त्यावर पकड भरपूर असते, पण ती पकड सुटायच्या कितीतरी आधी ट्रॉली कलंडते.

या ट्रॉलीच्या डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर १.७ मीटर होतं. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून १.१ मीटरवर. ऊस कुठपर्यंत भरला होता ते कॅमेऱ्यातल्या चित्रावरून, खांबाच्या मापाशी ताडून काढलं: जमिनीपासून ३.७ मीटर. म्हणजे तळावर २.६ मीटर उंचीचा ऊस, आणि त्याचा मध्य जमिनीपासून २.४ मीटरवर. ऊस दहा टन धरला आणि रिकाम्या ट्रॉलीचे अडीच टन ०.८ मीटर उंचीवर धरले, तर दोन्हींचा मिळून गुरुत्वमध्य जवळजवळ २.१ मीटरवर येतो. माझ्या डोक्याच्याही वर. उलटण्याची सीमा आली ०.४०.

वळणाची त्रिज्या आम्ही रस्त्यावर दोरी लावून मोजली, ती २० मीटरच्या आसपास आहे. २० मीटर त्रिज्या आणि ०.४० ची सीमा, याचा वेग निघतो ताशी ३२ किलोमीटर. इथपर्यंत ड्रायव्हर पूर्ण सुरक्षित दिसतो. त्याच्या हातात दहा किलोमीटरची मोकळीक होती.

पण हा हिशेब लोखंडाच्या अखंड ठोकळ्याचा आहे. खऱ्या ट्रॉलीत वळणावर बाहेरच्या बाजूचे टायर दबतात, सांगाडा थोडा पिळवटतो आणि ऊस आपल्या मोळ्यांसकट बाहेरच्या अंगाला कलतो. उसाला दोर कितीही आवळून बांधला तरी तो कलतोच. या सगळ्यापायी सीमेतून ०.०८ वजा धरले तर ते जास्त होत नाहीत. राहिले ०.३२. वेग उतरला ताशी २८ वर.

आता साइडपट्टी. या रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत गेले आहेत, पण कडेला मुरूम टाकून साइडपट्टी तेवढी वर आणलेली नाही. त्यामुळे डांबराच्या कडेला उभी पायरी तयार झाली आहे. अपघाताच्या जागी ती १५ सेंटिमीटर भरली. दुसऱ्या ट्रॉलीची डावी चाकं या पायरीवरून खाली गेली होती, त्याचे व्रण मुरमात दिसत होते आणि पुढे काही अंतरावर तीच चाकं डांबरावर परत चढल्याची खूण होती, कडेचं डांबर तुटलेलं. खाली जाताना ट्रॉली डावीकडे कलली, म्हणजे वळणाच्या आत. तो कल धोक्याचा नव्हता. धोका परत वर चढताना आहे. १.७ मीटर रुंदीत १५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे पाच अंशांचा कल. तो एका झटक्यात निघाला की ट्रॉली सरळ उभी होऊन थांबत नाही. झोपाळा मागून सुटला की मधोमध न थांबता पलीकडे जातो, तशी ती उजवीकडे जवळजवळ तेवढीच झुकते. त्याच क्षणी वळणाचं बलही उजवीकडेच ढकलत असतं. या झुकण्याने सीमेतले आणखी ०.०९ खाल्ले. राहिले ०.२३ आणि वेग ताशी २४.

अजून एक वजाबाकी राहिली आहे आणि तीच मला सगळ्यात शिकवून गेली. ट्रॉली फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानात, भरताना ती ज्या जागी उभी असते ती जमीन सपाट असेलच असं नाही. पाणी नुकतंच सुटलेलं असलं की एका बाजूची चाकं रुततात. तोडणी टोळीतली माणसं डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून चढतात आणि ऊस रचतात. रचताना डोळ्यांना जे सरळ दिसतं तसंच रचणार. कललेल्या ट्रॉलीवर सरळ रचलेला ऊस ट्रॉली सपाट रस्त्यावर आली की रुतलेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला झुकलेला निघतो. त्या रात्री फडात ट्रॉलीचं डावं अंग रुतलं होतं, हे टोळीच्या मुकादमानेच सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागला ते सांगण्याच्या ओघात. म्हणजे भार उजवीकडे झुकलेला. गुरुत्वमध्य नुसता दहा सेंटिमीटर बाजूला सरकला तरी सीमेतले जवळपास ०.०५ जातात. राहतात ०.१८, आणि २० मीटरच्या वळणावर त्याचा वेग होतो ताशी २१ किलोमीटर.

ट्रॅक्टरचा वेग २२ ते २३ होता.

हे आकडे दशांशापर्यंत पक्के आहेत असा माझा दावा नाही. उसाचं वजन आणि सांगाड्याचं पिळवटणं अंदाजाने धरलेलं आहे. पण उतरण कशी होते ते पाहा. ३२, २८, २४, २१. यातली एकही पायरी ड्रायव्हरने तयार केलेली नाही. उंची भरणाऱ्याने आणि भाड्याच्या दराने ठरवली, साइडपट्टी रस्त्याच्या देखभालीने, झुकाव फडातल्या चिखलाने. ड्रायव्हरच्या वाट्याला आले ते फक्त वेगाचे शेवटचे एक-दोन किलोमीटर.

पहिली का वाचली

पहिल्या ट्रॉलीतही ऊस तेवढाच होता. तीही त्याच वळणावरून गेली. मग ती का नाही उलटली?

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत, ती वळणाच्या आत सरकतात. एसटीच्या ड्रायव्हरला हे अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून तो कोपऱ्यावर गाडी आधी लांबवर काढतो. ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या की हे सरकणं साठत जातं. चार चाकांच्या, पुढे टर्नटेबल (पुढची चाकं दांडीबरोबर वळू देणारी फिरती चकती) असलेल्या या ट्रॉल्यांची मापं घेऊन हिशेब केला तर २० मीटरच्या वळणावर पहिल्या ट्रॉलीची मागची चाकं ट्रॅक्टरच्या मार्गापेक्षा अर्धा मीटर आत येतात आणि दुसरीची पाऊण मीटरहून जास्त. समोरून मोटरसायकल दिसली म्हणून ड्रायव्हरने ट्रॅक्टर डाव्या कडेला घेतला, जे कोणीही शहाणा ड्रायव्हर करेल. ट्रॅक्टर डांबरावर राहिला, पहिली ट्रॉली अगदी कडेवर राहिली आणि दुसरी खाली उतरली. ज्याला जागा द्यायला म्हणून त्याने ट्रॅक्टर बाजूला घेतला, त्याच माणसाच्या अंगावर ट्रॉली गेली.

या प्रकरणात मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र पुढची आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, ट्रॉली आणि ट्रॉली, यांच्यात जोड असते ती एका कडीची आणि पिनेची. ही जोड ओढते आणि ढकलते, पण कलण्याला अडवत नाही. मोठ्या कंटेनर ट्रेलरचं पुढचं अंग ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर रुंद ताटलीवर टेकलेलं असतं. ट्रेलर कलायला लागला की ट्रक त्याला थोडा धरतो आणि ड्रायव्हरला ते पाठीत जाणवतं. इथे पिनेच्या मागे काय कलतंय त्याचा पत्ता पुढे लागतच नाही. पहिली ट्रॉली दुसरीला सावरू शकत नाही आणि ड्रायव्हरपर्यंत हाकही पोचत नाही. आरशात बघावं तर ट्रॉलीबाहेर आलेला ऊस आरसा भरून टाकतो. पहाटेचा अंधार, इंजिनाचा आवाज, आणि बहुतेक ट्रॅक्टरांवर असतो तसा मोठ्याने लावलेला टेप.

ड्रायव्हर जत तालुक्यातला, तिशीच्या आतला. आम्ही भेटलो तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता. म्हणाला, "सर, पुढं मला काय बी जाणवलं न्हाई. ट्रॅक्टर एकदम हलका झाल्यावानी वाटला, तवा मागं बघितलं. तवर ट्रॉली पडलीवती."

"चाकं खाली उतरलेली कळलं होतं का तुम्हाला?"

"पहिलीचं कळलं आसतं. दुसरीचं कसं कळंल?"

त्याचं हे उत्तर आमच्या सगळ्या आकडेमोडीइतकंच मोलाचं आहे. त्याला सावध राहा, हळू जा म्हणून सांगणं बरोबरच आहे, पण कोणत्या क्षणी सावध व्हायचं हे कळण्याचा मार्गच त्याच्याकडे नाही. उपाय शोधायचा तर तो ट्रॉलीत, भरण्यात आणि रस्त्याच्या कडेत शोधला पाहिजे.

ब्रेक

ब्रेक का नाही मारला, असं गावात पुष्कळांनी विचारलं. मारला असता तरी काय झालं असतं ते सांगतो. दोन भरलेल्या ट्रॉल्या पंचवीस टन, ट्रॅक्टर अडीच-पावणेतीन टन. या सगळ्या साडेसत्तावीस टनांना थांबवणारी चाकं दोन, ट्रॅक्टरची मागची. ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. त्या दोन चाकांवर ट्रॅक्टरचं जेमतेम पावणेदोन टन वजन येतं. ब्रेक कितीही दाबला तरी टायरची पकड त्या वजनाच्या पलीकडे जात नाही. टायर घसटायला लागतो, एवढंच. चाकांच्या लोळण्याचा अडथळा जमेला धरूनही ताशी २२ च्या वेगातून सपाटीवर थांबायला तीसेक मीटर लागतात, ते ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवल्यानंतरचे. पुलाच्या उतारासारखा शेकडा ४ चा उतार असेल तर ऐंशी मीटरच्या पुढे. त्याच वेगातली मोटरसायकल चार-पाच मीटरमध्ये उभी राहते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाने रोखून धरणंही शेवटी त्याच दोन टायरांतून जातं, त्यामुळे त्याची मर्यादाही तीच. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना हे कळवळून सांगावंसं वाटतं: उतार लागण्याआधी जो वेग असेल तोच खरा. उतारावर तो कमी करायला हातात काही उरत नाही.

आणि वळणावर जोराचा ब्रेक लावला तर मागचे पंचवीस टन ट्रॅक्टरला पाठीमागून ढकलतात, ट्रॅक्टर आडवा फिरतो. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पेडलं असतात, शेतात जागेवर वळायला सोयीची. रस्त्यावर आल्यावर ती खिटीने एकत्र जोडायची असतात. शेतातून थेट रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरमध्ये ती सुटीच राहिलेली मी अनेकदा पाहिली आहेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला की काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मळणी यंत्राची आठवण

आपल्याकडे शेतीतल्या अपघातांच्या अभ्यासात एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. मळणी यंत्रात हात जाऊन बोटं, पंजे तुटण्याचे प्रकार उत्तर भारतात फार होते. तेव्हाही सगळे म्हणायचे, मजूर दमलेला असतो, नशेत असतो, लक्ष नसतं. आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक दिनेश मोहन यांनी हे अपघात गावोगाव तपासले आणि लक्ष यंत्राच्या तोंडाकडे वळवलं: पेंढी आत सारण्याची घसरगुंडी किती लांब आहे, तिच्यावर झाकण आहे का, हात कुठपर्यंत पोचतो. तोंडाची रचना बदलली तर दमलेल्या माणसाचाही हात पात्यापर्यंत जात नाही. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला, तो याच काळातला. मोहन २०२१ साली गेले. भारतातल्या रस्ते सुरक्षेच्या संशोधनावर त्यांचा फार मोठा ठसा आहे, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचं सार त्या मळणी यंत्राच्या तोंडात आहे.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे जाताना जे 'एस' आकाराचं वळण लागतं, तिथेही अनेक वर्षं ड्रायव्हरांनाच दोष दिला गेला. शेवटी नवे जुळे बोगदे आखताना ते वळणच वगळायचं ठरलं. तो राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यावर शेकडो कोटी खर्च होऊ शकतात. आमच्या कॅनॉलच्या वळणासाठी कोणी डोंगर पोखरणार नाही. त्यामुळे इथले उपाय वेल्डिंगच्या दुकानात, फडात आणि मुरमाच्या डंपरमध्येच शोधावे लागले.

काय करता येईल, काय केलं

साइडपट्टीचं काम सगळ्यात सोपं आणि तेच पहिल्यांदा झालं. संबंधित कार्यालयाला मापांसह पत्र दिलं, ग्रामपंचायतीने पाठपुरावा केला, मुरूम पडला, दाबला गेला. पण पावसाळ्यात मुरूम वाहून जातो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. अमेरिकेच्या महामार्ग खात्याने यावर एक साधी गोष्ट सुचवली आहे: डांबर अंथरतानाच त्याची कड उभी न ठेवता तीस अंशांच्या उताराने दाबून घ्यायची. मग मुरूम वाहून गेला तरी चाक झटका न बसता वर येतं. डांबर अंथरणाऱ्या यंत्राला, पेव्हरला, लावायच्या एका तुकड्याचा प्रश्न आहे. पुढचा थर पडेल तेव्हा एवढं तरी व्हावं, असं पत्रात लिहिलं आहे आणि मी ते सोडणार नाही.

उंचीचा प्रश्न पैशांचा आहे. ऊस ३.७ ऐवजी ३.१ मीटरपर्यंतच भरला तर गुरुत्वमध्य २.१ वरून १.८ मीटरवर येतो आणि सगळ्या वजाबाक्या करूनही उलटण्याचा वेग २१ वरून २५ वर जातो. पण प्रत्येक ट्रॉलीत सव्वादोन टनांहून जास्त ऊस कमी बसतो, खेपेला साडेचार टनांच्या वर. ट्रॅक्टरमालकाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमचं गणित बरोबर आसंल. पण हप्ता टनावर फेडायचा आसतोय." टोळीला दिलेली उचल, ट्रॅक्टरचं कर्ज, डिझेल, हे सगळं त्याला टनांतूनच वसूल करायचं आहे. त्याच्यावर रागवण्यात अर्थ नाही.

म्हणून आम्ही चाकांमधल्या अंतराकडे वळलो. एक्सल २० सेंटिमीटर रुंद केला, म्हणजे अंतर १.७ चं १.९ केलं, तर उसाची एक कांडी कमी न करता उलटण्याचा वेग २१ वरून २४ च्या पुढे जातो. चाकं तरीही ट्रॉलीच्या रुंदीच्या आतच राहतात. उंची साठ सेंटिमीटर कमी करून जे मिळत होतं, त्याचा मोठा भाग २० सेंटिमीटरच्या एक्सलमधून मिळतो. हे ऐकल्यावर मालकाचे डोळे पहिल्यांदा चमकले. पण इथे एक इशारा द्यायलाच हवा: आहे तो एक्सल कापून मध्ये तुकडा जोडायचा नाही. चाक जितकं बाहेर जातं तितका एक्सलवरचा वाकवणारा भार वाढतो, आणि भरल्या ट्रॉलीचा वेल्डिंगपाशी मोडलेला एक्सल हा दुसरा अपघात होईल. नवा, जाड, अखंड एक्सलच बसवायचा. त्याने आपल्या एका ट्रॉलीला तसा बसवायला घेतला आहे.

झुकलेल्या भाराचा उपाय फुकट आहे. गावातल्या वजनकाट्यावर ट्रॉली अशी न्यायची की फक्त एका बाजूची चाकं काट्यावर येतील, मग दुसऱ्या बाजूची. काटा सभोवतालच्या जमिनीशी समतल असला की एवढ्यावर काम भागतं. साडेबारा टनांच्या ट्रॉलीत दोन्ही बाजूंत दीड टनाचा फरक निघाला तर समजायचं, भार दहा सेंटिमीटर सरकलेला आहे. आम्ही तपासायला आणलेल्या ट्रॉल्यांपैकी एकीत जवळजवळ तेवढाच फरक निघाला, आणि काट्यावर उभा असलेला तिचा ड्रायव्हर ट्रॉलीकडे वर मान करून बघतच राहिला. डोळ्यांना ती सरळ दिसत होती. रोज प्रत्येक ट्रॉली अशी तोलणं शक्य नाही. फडात भरायला उभी करताना रुतलेल्या बाजूला फळी टाकून ती सपाट करणं मात्र शक्य आहे. ते मुकादमाच्या हातात आहे, आणि त्याला ते लगेच पटलं. दोनपैकी जास्त उंच, जास्त जड ट्रॉली पुढे जोडायची, हलकी मागे, हेही त्यातच आलं. आजवर मागे-पुढे कोणती ते फडातून आधी कोणती बाहेर निघाली यावर ठरायचं.

ट्रॉल्यांना ब्रेक असावेत हे उघड आहे. ओढणारी दांडी मागून दाबली गेली की आपोआप लागणारे ओव्हररन ब्रेक जगभर शेतीच्या ट्रेलरांवर वापरले जातात. त्यात ट्रॅक्टरला काही बदल करावा लागत नाही. आमच्या पट्ट्यात ते बसवणारा कारागीर अजून सापडलेला नाही. मागच्या बाजूला लाल परावर्तक पट्टी आणि उसाने न झाकला जाणारा दिवा यांच्याविषयी मी इथे लांबण लावत नाही. या अपघाताशी त्यांचा संबंध नव्हता, पण उभ्या ट्रॉलीवर रात्री मागून आदळून मेलेली माणसं मला माहीत आहेत, आणि पट्टी न लावण्याला कुठलीही सबब चालणार नाही.

कारखान्याच्या शेती खात्यापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला. ट्रॅक्टरवाल्याचा सर्वात मोठा तोटा गाडीतळावर नंबर लागायची वाट बघण्यात होतो. ज्या ट्रॉल्यांची उंची ठरलेल्या खुणेच्या आत आहे, त्यांना आधी नंबर द्या. गाडीतळाच्या दारात ३.१ मीटरवर एक आडवी दोरी बांधा, तिला ऊस न लागता जी आत येईल ती पुढे. वेळेत रिकामी झालेली गाडी आणखी एक खेप करेल आणि कमी भरलेले टन त्यात भरून निघतील. कारखान्यात ऊस गाळपासाठी जिथे टाकतात त्या गव्हाणीत ऊस पडायचा वेग तोच राहतो, त्यामुळे कारखान्याचं गाळप अडत नाही. शेती अधिकाऱ्यांनी दोन अडचणी दाखवल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत: रांगेत आधीपासून उभ्या असलेल्यांची भांडणं कोण सोडवणार, आणि बैलगाड्यांचा नंबर यात कुठे बसवायचा. हंगाम चालू असताना नियम बदलता येत नाही, हेही त्यांचं म्हणणं रास्त आहे. पुढच्या हंगामाच्या आधी हे पुन्हा मांडायचं ठरलं आहे.

ड्रायव्हरला एक गोष्ट सांगितली, तीच इथे वाचणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला सांगतो. मागची चाकं डांबराखाली उतरली अशी नुसती शंका आली तरी स्टिअरिंग उजवीकडे ओढून परत वर चढायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, ट्रॅक्टर साइडपट्टीच्या रेषेतच सरळ चालू द्यायचा, वेग माणसाच्या चालीवर आला की मग हळूहळू वर घ्यायचं. समोरच्याने हॉर्न वाजवला तरी.

त्याने विचारलं, "पर शंका येणार कशी, सर?" त्याच्या या प्रश्नावर आता आमच्या अंतिम वर्षाच्या मुलांचं काम चालू आहे. मोबाइलमध्ये असतो तसा कल मोजणारा स्वस्त सेन्सर दुसऱ्या ट्रॉलीच्या सांगाड्याला बसवायचा, बिनतारी यंत्रणेने कल पुढे पाठवायचा आणि तीन अंशांच्या पुढे गेला की ड्रायव्हरच्या सीटजवळ भोंगा वाजवायचा. प्रयोगशाळेत ते चालतं. फडातल्या खड्ड्यांमध्ये तो भोंगा सारखाच वाजत राहिला तर ड्रायव्हर पहिल्याच दिवशी वायर तोडून टाकेल, हे मुलांनाही कळलं आहे. म्हणून शेत आणि रस्ता यांतला फरक वेगावरून ओळखण्याचं काम आधी करायचं आहे. रुंद एक्सल बसवलेली ट्रॉली दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की त्याच वळणावरून जाईल. सेन्सर तिच्यावरही असेल आणि तिच्या जुन्या एक्सलच्या जोडीदार ट्रॉलीवरही. दोघींचा कल एकाच रस्त्यावर, एकाच भाराखाली शेजारी शेजारी मांडला की एक्सल बदलण्याचा खर्च किती ट्रॅक्टरमालकांना पटेल ते कळेल.